सीमा दिल्लीची, टोळी गल्लीची. मग राज्य सरकार कशाचे?

महाराष्ट्रात 'सीमाप्रश्न' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे बेळगाव, कारवार, निपाणी ही नावे उभी राहतात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात वाढलेल्या आपल्या चळवळीला तर त्या शब्दाचा दुसरा अर्थ सुचतच नाही. परंतु या राज्याला आणखी एक सीमा आहे आणि तिच्या पलीकडे कर्नाटक नाही, परदेश आहे. डहाणूच्या उत्तरेपासून वेंगुर्ल्याच्या दक्षिणेपर्यंत पसरलेला, जुन्या मोजणीप्रमाणे ७२० किलोमीटरचा हा सागरकिनारा ही महाराष्ट्राची आंतरराष्ट्रीय सीमा होय. या सीमेवर काटेरी तार नाही, मनोरे नाहीत. खाड्या आहेत, जेटी आहेत, कोळीवाडे आहेत आणि दर काही कोसांवर एक पोलीस ठाणे आहे.

गेल्या उन्हाळ्यात रायगड जिल्ह्यातील एका अभ्यासवर्गात मी या सीमेचा विषय काढला, तेव्हा एका तरुण कार्यकर्त्याने मला मोठ्या नम्रतेने थांबवले. "सर, सीमा आणि टोळ्या हा गृहखात्याचा विषय. आपला विषय रोजगार, रेशन आणि शेतीमालाचे भाव." सभागृहातील पुष्कळांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावर एक वयस्क मच्छीमार बसले होते. ते उठून म्हणाले, "साहेब, समुद्रात येऊन ते आमचीच कार्डं तपासतात. ज्याचं तपासायचं, तो कधी कार्ड घेऊन येतो का?" त्यांना त्या दिवशी कोणीच उत्तर दिले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या दोघांनाही उशिरा दिलेले उत्तर आहे.

जबाबदारी टाळण्याची सोय

सत्तेवर कोणताही पक्ष असो, या प्रश्नावर राज्यकर्त्यांचा पवित्रा ठरलेला असतो. समुद्रमार्गे शस्त्रे आली की 'सीमेचे रक्षण ही केंद्राची जबाबदारी' असे म्हणावयाचे. शहरात गोळीबार झाला की 'टोळीचा सूत्रधार परदेशात आहे' असे म्हणावयाचे. आणि विधिमंडळात विरोधकांनी फारच धरून ठेवले, तर एखाद्या नव्या कठोर कायद्याची घोषणा करून टाळ्या घ्यावयाच्या. या तिन्ही गोष्टी एकाच कुटुंबातल्या आहेत. तिन्हींत राज्य सरकारने स्वतः काय करावयास हवे होते, हा प्रश्न शिताफीने गाळलेला असतो.

वास्तविक राज्यघटनेने याविषयी संदिग्धता ठेवलेली नाही. संरक्षण आणि सीमाशुल्क हे विषय संघसूचीत आहेत, हे खरे. अनुच्छेद ३५५ प्रमाणे परकीय आक्रमणापासून राज्यांचे रक्षण करणे हे संघराज्याचे कर्तव्य आहे, हेही खरे. पण सातव्या अनुसूचीतील राज्यसूची उघडून पाहावी. सार्वजनिक सुव्यवस्था तिथे पहिल्या क्रमांकावर आहे, पोलीस दुसऱ्या, तुरुंग चौथ्या. जमीन अठराव्या क्रमांकावर आणि मत्स्यव्यवसाय एकविसाव्या. पोलीस, तुरुंग, जमीन आणि मासेमारी: किनारा ज्यांच्या भरवशावर सुरक्षित किंवा असुरक्षित राहतो आणि टोळी ज्यांच्यावर पोसली जाते, अशा या चारही गोष्टी मुंबईतील मंत्रालयाच्या हातात आहेत. दिल्लीकडे बोट दाखवणाऱ्या मंत्र्याच्या दुसऱ्या हातात या चार किल्ल्या असतात, हे जनतेने विसरावे अशी त्याची अपेक्षा असते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने सीमा सुरक्षा दलाचे कार्यक्षेत्र पंजाब, पश्चिम बंगाल व आसाम या राज्यांत १५ किलोमीटरवरून ५० किलोमीटरपर्यंत वाढवले. पंजाब आणि पश्चिम बंगालच्या विधानसभांनी त्याविरुद्ध ठराव केले, ते योग्यच केले. राज्यांच्या अधिकारांवरील असे आक्रमण आपण समाजवाद्यांनी कधीही सहन करू नये. तथापि जे राज्य आपल्या अधिकारातले काम करीत नाही, त्याचा अधिकार टिकवण्यासाठी जनता रस्त्यावर उतरत नाही. अधिकाराचा बचाव कर्तव्याच्या हिशेबानेच करता येतो.

शेखाडीचा धडा

हा हिशेब मांडावयाचा तर १९९३ पासून सुरुवात करावी लागते. त्या वर्षी जानेवारी व फेब्रुवारी महिन्यांत रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रास्त्रे आणि आरडीएक्स उतरवण्यात आले. १२ मार्च रोजी मुंबईत साखळी स्फोट झाले आणि २५७ माणसे मरण पावली. हा माल समुद्रातून आला, म्हणून त्याला सीमेचा भंग म्हणतात. पण तो किनाऱ्यावरून मुंबईपर्यंत कसा पोहोचला? न्यायालयापुढे जे सिद्ध झाले ते असे, की मालाच्या गाड्या रस्त्यात पोलिसांनी अडवल्या होत्या. अडवल्या, पैशाचा सौदा केला आणि सोडून दिल्या. सौद्यातील रकमेपोटी चांदीच्या विटा तारण म्हणून ठेवून घेतल्या. या प्रकरणात सीमाशुल्क खात्याचे वरिष्ठ अधिकारी आणि राज्याचे पोलीस अशा दोन्ही गणवेशांतील लोकांना शिक्षा झाल्या. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने या खटल्याचा अंतिम निकाल दिला.

यातील आर्थिक तर्क नीट समजून घ्यावा. त्या पोलिसांना गाडीत स्फोटके आहेत हे ठाऊक असेलच असे नाही. त्यांना वाटले, नेहमीचा माल आहे. पण 'नेहमीचा माल' हेच तर दुखणे होते. वर्षानुवर्षे त्या किनाऱ्यावर सोने-चांदी आणि परदेशी वस्तू उतरत होत्या आणि प्रत्येक फेरीचा दर ठरलेला होता. हप्त्याची बाजारपेठ एकदा स्थिर झाली की तिथे मालाची जात कोणी विचारीत नाही. सोन्याच्या बिस्किटांसाठी उघडलेल्या दाराने आरडीएक्स आत आले. ते दार इस्लामाबादने उघडले नव्हते. ते उघडले होते राज्याच्या पगारावर असलेल्या माणसांनी, आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणे हे केंद्राचे काम नव्हते.

या घटनेला दुसरीही एक बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत झालेल्या दंगलींत सुमारे ९०० माणसे मारली गेली. न्या. श्रीकृष्ण आयोगाने त्या दंगलींतील पोलिसांच्या पक्षपाताची नोंद केली. १९९६ च्या आरंभी तत्कालीन युती सरकारने हा आयोगच गुंडाळला होता. काही महिन्यांनी तो पुन्हा नेमावा लागला आणि १९९८ मध्ये त्याचा अहवाल आला. अहवाल अमलात आणू असे वचन देऊन १९९९ साली आघाडीचे सरकार आले आणि त्यानेही तो धूळ खात ठेवला. ज्या राज्यात नागरिकांच्या एका मोठ्या समूहाला पोलीस आपले वाटत नाहीत, त्या राज्यात शत्रूला माणसे मिळतात आणि पोलिसांना खबर मिळत नाही. पोलीस दलाची निःपक्षपाती वागणूक हीच सीमेवरची पहिली भिंत असते, आणि ती बांधण्याचे काम पूर्णपणे राज्याचे आहे.

पंधरा वर्षांनी हाच किनारा पुन्हा रक्तबंबाळ झाला. नोव्हेंबर २००८ मध्ये कराचीहून निघालेल्या दहा हल्लेखोरांनी समुद्रात 'कुबेर' ही मच्छीमार नौका पळवली आणि तीवरील तांडेलासह खलाशांचा खून केला. त्या हल्ल्याचे पहिले बळी मासेमारी करून पोट भरणारे कामगार होते, याची आठवण स्मृतिदिनाच्या भाषणांत क्वचितच निघते. २६ नोव्हेंबर रोजी दहा जण कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले, तेव्हा त्यांना सर्वांआधी हटकले ते त्या वस्तीतल्या लोकांनी. त्यानंतरच्या तीन दिवसांत १६६ लोक मारले गेले. गिरगाव चौपाटीवर कसाबला ज्यांनी छातीवर गोळ्या झेलत धरून ठेवले, त्या सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या हाती राज्याने लाठी दिली होती.

किनारी सुरक्षेची केंद्रीय योजना तेव्हा अस्तित्वात नव्हती असे नाही. २००५ सालीच तिला मंजुरी मिळाली होती. किनारी पोलीस ठाणी, नौका, तपासणी नाकी यांसाठी पैसा केंद्राचा आणि अंमलबजावणी राज्याची, अशी तिची रचना होती. जवळजवळ चार वर्षे हाताशी होती. हल्ल्यानंतर मुख्यमंत्री व गृहमंत्री यांनी पदे सोडली, राम प्रधान समिती नेमली गेली, तिचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवण्यासही सरकारने खळखळ केली आणि वर्षभरात तेच गृहमंत्री त्याच खात्यावर परत आले. नंतर 'फोर्स वन' नावाचे शीघ्र दल उभे राहिले, नौका आल्या, ठाणी वाढली. हे सर्व आवश्यकच होते. पण ऑगस्ट २०२२ मध्ये, त्याच श्रीवर्धन तालुक्यात, हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारशी नौका लागली आणि तीत तीन एके-४७ रायफली सापडल्या. ओमानजवळ समुद्रात सोडून दिलेली ती नौका वाहत आली होती, घातपाताचा संबंध नाही, असे तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. ते मान्य. मग प्रश्न असा की चालक नसलेली एक नौका जर रायफली घेऊन शेखाडीच्या शेजारी येऊन टेकते, तर चालक असलेली नौका कोण अडवणार?

ज्यांना 'डोळे आणि कान' म्हणतात

सागरी सुरक्षेवरील प्रत्येक परिषदेत मच्छीमारांना राष्ट्राचे 'डोळे आणि कान' म्हटले जाते. आता या डोळ्यांची आणि कानांची शासनाने काय व्यवस्था ठेवली आहे ती पाहा. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याने पारंपरिक मच्छीमाराला यांत्रिक नौकांपासून संरक्षण द्यावयाचे होते. प्रत्यक्षात पर्ससीन जाळ्यांनी आणि विजेच्या प्रखर दिव्यांनी चालणाऱ्या बेकायदा मासेमारीने किनारा ओरबाडला गेला. कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती करून दंड वाढवण्यात आला, पण समुद्रात जाऊन तो वसूल करणारी यंत्रणा तोकडीच राहिली. या गोष्टीचा सुरक्षेशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. बेकायदा मासेमारीच्या नौकेकडे काणाडोळा करण्यासाठी जो हप्ता घेतो, त्याची नजर कोणत्याच नौकेवर राहत नाही. शेखाडीचाच नियम इथे लागू होतो.

दुसरीकडे डहाणूजवळ वाढवण येथे सुमारे ७६,२०० कोटी रुपयांचे बंदर उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. तिथल्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षे विरोध केला आणि राज्य सरकार त्यांच्या बाजूला उभे राहिले नाही. बंदराच्या गुणदोषांची चर्चा स्वतंत्रपणे व्हावी. पण सुरक्षेच्या दृष्टीनेही एक प्रश्न विचारला पाहिजे. ज्या वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यावर नजर ठेवून आहेत, त्यांना देशोधडीला लावल्यावर ती नजर कोठून आणणार? कॅमेऱ्याला भरती-ओहोटी कळते, अनोळखी खलाशाची चाल कळत नाही. ती कळते त्या खाडीतल्या माणसाला, आणि तोही पोलीस ठाण्यात जाऊन सांगेल तर तिथे आपल्याला चोरासारखे वागवले जाणार नाही अशी खात्री असेल तरच.

टोळीचे अर्थशास्त्र

आता टोळ्यांकडे वळू. टोळी ही दुष्ट माणसांची जमवाजमव आहे, हे पोलिसी कादंबऱ्यांचे मत झाले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती एक धंदेवाईक संस्था दिसते. ती कोठे उगवते? जिथे कायद्याने किंवा धोरणाने मोठा नफा निर्माण केला आहे, पण तो कायदेशीर मार्गाने घेता येत नाही, तिथे.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या हेतूविषयी मला वाद घालावयाचा नाही. परंतु त्या बंदीच्या अंमलबजावणीतून हातभट्टीचे साम्राज्य आणि पोलिसांचा हप्ता ही जोडी जन्मास आली, हे कोणालाही नाकारता येणार नाही. १९६३ चे सुवर्णनियंत्रण आणि १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा यांनी देशातील आणि परदेशातील सोन्याच्या भावात दरी निर्माण केली. तस्कराचा नफा म्हणजे ही दरी वजा हप्ता, एवढे साधे समीकरण होते. १९७४ साली 'कॉफेपोसा' आला, बडे तस्कर स्थानबद्ध झाले, आणीबाणीनंतर सुटले. समीकरण तसेच राहिल्याने धंदाही राहिला. १९९० साली हा कायदा रद्द झाला, आयातीची वाट मोकळी झाली आणि सोन्याच्या तस्करीतील नफा आटला. टोळ्या मात्र आटल्या नाहीत. त्यांनी भांडवल दुसऱ्या धंद्यात वळवले. तो धंदा म्हणजे जमीन.

इथे गिरणगावाची कथा सांगणे भाग आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या वर्षी मी पदव्युत्तर वर्गात शिकत होतो आणि संपाच्या सभांना जात होतो. पुढे प्राध्यापक झालो, तेव्हा माझ्या वर्गात त्याच घरांतली मुले होती. फी भरण्याच्या तारखा उलटत, मग हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे रेघ पडे. त्यांतील बहुतेकांनी फेरीची, हमालीची, पहारेकऱ्याची कामे केली. काही थोड्यांना टोळ्यांनी काम दिले. त्या मुलांना शासनाने काय देऊ केले होते, हा प्रश्न मी तेव्हा विचारला आणि आजही विचारतो. गिरण्या बुडाल्या, गिरण्यांखालची जमीन मात्र सोन्याची झाली. ५८ गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन शहराच्या मध्यावर मोकळी होणार होती. मे १९९४ मध्ये गिरणीमालक सुनीत खटाव यांची भर रस्त्यात हत्या झाली. १६ जानेवारी १९९७ रोजी पवई येथे डॉ. सामंतांनाच गोळ्या घालण्यात आल्या. जिथे एकेकाळी कामगार संघटना वाटाघाटी करीत होती, तिथे आता पिस्तूल वाटाघाटी करू लागले.

यात राज्य सरकार कोठे होते? ते नियम लिहीत होते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी ठरली होती. २००१ मध्ये शासनाने नियमात अशी दुरुस्ती केली की ही वाटणी फक्त पूर्वीपासून मोकळ्या असलेल्या जागेलाच लागू व्हावी. गिरणीच्या इमारतीखालील जमीन वाटणीतून सुटली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली. वैध असेल, न्याय्य नव्हती. एका दुरुस्तीने शहराची जी लूट झाली, तेवढी कोणत्याही खंडणीखोराला आयुष्यभरात साधली नसती. टोळ्या या लुटीच्या काठावर उभ्या राहून आपला टक्का घेत होत्या. जमिनीच्या व्यवहारात जोवर असा अवाढव्य आणि अनर्जित नफा आहे आणि दिवाणी दाव्यास जोवर एक पिढी लागते, तोवर भाडेकरू हुसकावण्यासाठी, झोपडीधारकांच्या संमतीच्या सह्या गोळा करण्यासाठी आणि प्रतिस्पर्धी बिल्डराला पळवण्यासाठी 'भाई'ची गरज लागणारच.

आज धंद्याने पुन्हा कूस बदलली आहे. मेफेड्रोन या अमली पदार्थासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही. २०२३ आणि २०२४ मध्ये नाशिक, सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांत त्याचे कारखाने उघडकीस आले. म्हणजे जी सीमा राखावयाची ती आता औद्योगिक वसाहतीतील शेडच्या दारापर्यंत आली आहे. या प्रकरणातील एक प्रमुख आरोपी तर ऑक्टोबर २०२३ मध्ये पुण्यातील एका सरकारी रुग्णालयातून पोलीस पहाऱ्यातून निसटला. कारखाने निरीक्षक, उद्योग खाते, तुरुंग, रुग्णालय, पोलीस यांपैकी दिल्लीचे काय होते?

कठोर कायद्याचे मृगजळ

शासनाचे उत्तर ठरलेले: कठोर कायदा. १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे मकोका, आला. त्यात पोलीस अधीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरण्यात आला. युतीने आणलेला हा कायदा आघाडीनेही प्रेमाने सांभाळला. त्याने काही टोळ्यांची कंबर मोडली, हे मी नाकारीत नाही. पण कबुलीजबाबावर चालणारा तपास हा आळशी तपास असतो आणि त्याची किंमत आपण मोजली आहे. ११ जुलै २००६ रोजी उपनगरी गाड्यांत स्फोट होऊन १८९ प्रवासी ठार झाले. मकोकाखाली खटला चालला, २०१५ मध्ये बारा जणांना शिक्षा झाल्या आणि २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली. त्यांतील एक तोवर तुरुंगातच मरण पावला होता. शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. हा निकाल पूर्वदाखला म्हणून वापरू नये असे त्या न्यायालयाने सांगितले, पण सुटलेल्यांना परत आत धाडले नाही. अंतिम निर्णय काहीही लागो, एकोणीस वर्षांनंतर मृतांच्या नातलगांच्या हाती काय आहे? कठोर कायद्याने त्यांना न्याय दिला नाही आणि आरोपींनाही दिला नाही.

दुसरे मृगजळ 'चकमकी'चे. जानेवारी १९८२ मध्ये वडाळ्याला मन्या सुर्वे मारला गेला, तेव्हापासून मुंबईत चकमकफेम अधिकाऱ्यांची एक जातच तयार झाली. वृत्तपत्रांनी त्यांच्या बळींचे आकडे क्रिकेटच्या धावांप्रमाणे छापले. नोव्हेंबर २००६ मधील लखनभैया प्रकरणात न्यायालयाने चकमक बनावट ठरवली, पोलिसांना जन्मठेपा झाल्या आणि मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या काळातील सर्वांत गाजलेल्या अधिकाऱ्यालाही दोषी धरले. ज्याला खून करण्याची मुभा मिळते, तो ती मुभा विकूही लागतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका उद्योगपतीच्या घराजवळ स्फोटकांच्या कांड्या ठेवलेली मोटार सापडली आणि त्या प्रकरणी अटक झाली ती मुंबई पोलीस दलातील सेवेत असलेल्या अधिकाऱ्याला. एवढे होऊनही सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूर प्रकरणातील आरोपी पोलीस गाडीत मारला गेला, तेव्हा अभिनंदनाचे फलक लागले. कायद्याचे राज्य नको, सूड हवा, असे लोकांना वाटावे इतकी न्यायव्यवस्था मंद ठेवावयाची आणि मग त्या सुडाचेच श्रेय घ्यावयाचे, असा हा डाव आहे.

तिसरे मृगजळ सर्वांत ताजे आहे. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्याचा रोख कडव्या डाव्या व तत्सम संघटनांवर आहे. 'तत्सम' या शब्दात उद्या कोण बसेल, हे कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. लक्षात एवढेच घ्यावे, की ज्या वर्षांत खंडणी, अमली पदार्थ आणि जमीन बळकावणे यांनी जिल्हे पोखरले, त्या वर्षांत शासनाला धोका दिसला तो मोर्चा काढणाऱ्यांत.

छत्र कोणाचे?

१९९३ च्या स्फोटांनंतर केंद्राने नेमलेल्या व्होरा समितीने गुन्हेगार, राजकारणी आणि नोकरशहा यांच्या साट्यालोट्याकडे स्पष्टपणे बोट दाखवले होते. १९९५ मध्ये अहवाल संसदेपुढे आला. त्यातून निष्पन्न काय झाले? ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांची निर्घृण हत्या करण्यात आली. पवनऊर्जा कंपनीकडून मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. आरोपींत एका मंत्र्याचा निकटवर्ती समजला जाणारा इसम आहे आणि मार्च २०२५ मध्ये त्या मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण खंडणीची टोळी मुंबईचीच असते, तिचा सूत्रधार परदेशातच असतो, या समजुतीला मस्साजोगने मूठमाती दिली.

१२ ऑक्टोबर २०२४ रोजी वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांची हत्या झाली. तपासात नाव आले ते साबरमतीच्या तुरुंगात असलेल्या बिष्णोईच्या टोळीचे. त्याला तुरुंगाबाहेर नेऊ नये असा केंद्रीय गृहखात्याचा आदेश असल्याने मुंबई पोलिसांना त्याचा ताबा घेता आला नाही. दिल्ली, गांधीनगर आणि मुंबई या तिन्ही ठिकाणी एकाच पक्षाची सत्ता किंवा सत्तेत वाटा असताना ही अवस्था. 'दुहेरी इंजिना'च्या या गाडीत ब्रेक कोणाच्या पायाखाली आहे, हे कळावयास मार्ग नाही.

आपले काम

आता त्या तरुण कार्यकर्त्याच्या आक्षेपाकडे येतो. सुरक्षा हा उजव्यांचा विषय आहे, आपण त्यात शिरलो तर त्यांचीच भाषा बोलू लागू, ही भीती निराधार नाही. परंतु ज्या फेरीवाल्याकडून रोज हप्ता घेतला जातो, ज्या भाडेकरूला रात्री धमकीचा निरोप येतो, ज्या मच्छीमाराचा समुद्रात खून होतो, ज्या सरपंचाला गावाच्या बाजूने उभे राहिल्याबद्दल मारले जाते, ते कोणत्या वर्गाचे आहेत? श्रीमंत आपली सुरक्षा विकत घेतो. सार्वजनिक सुरक्षेची गरज आहे ती गरिबाला, जशी त्याला सार्वजनिक रुग्णालयाची आणि सरकारी शाळेची गरज आहे. तो विषय आपण सोडून दिला, तर तो त्या जागी 'भाई'ला तरी बसवील किंवा हुकूमशहाला तरी.

म्हणून पक्षाने राज्य सरकारकडे ठोस मागण्या कराव्यात. प्रकाश सिंग खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेले पोलीस सुधारणांचे आदेश पूर्णपणे व प्रामाणिकपणे अमलात यावेत. बदल्यांचा बाजार बंद व्हावा आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी खरोखर स्वतंत्र प्राधिकरण असावे. किनारी पोलिसांत कोळी, भंडारी, दालदी अशा किनाऱ्यावरच्या समाजांतील तरुणांची कायम पदांवर भरती व्हावी. कंत्राटी तांडेलावर देशाची सीमा सोपवू नये. साक्षीदार संरक्षणाच्या २०१८ च्या योजनेला पुरेसा निधी मिळावा, कारण टोळीचा खटला कबुलीजबाबावर नव्हे तर निर्भय साक्षीवर उभा राहिला पाहिजे. झोपडपट्टी पुनर्वसनातील संमतीपत्रांची पडताळणी बिल्डरच्या अपरोक्ष, खुल्या सभेत व्हावी. आणि तुरुंगांची पाहणी करणारी मंडळे नावापुरती नसावीत.

कार्यकर्त्यांनी मात्र विधिमंडळाची वाट पाहू नये. प्रत्येक किनारी तालुक्यातील शाखेने माहितीच्या अधिकाराखाली तीन साधे प्रश्न विचारावेत. आपल्या ठाण्याकडे किती गस्ती नौका आहेत आणि त्यांतील किती चालू आहेत? गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती तास गस्त झाली आणि किती इंधन जळले? नौकेवरील किती माणसे कायम नोकरीत आहेत? उत्तरे कोळीवाड्यातील सभेत मोठ्याने वाचून दाखवावीत. मग पुढची मागणी कोणती करावयाची, हे त्या सभेतले लोकच सांगतील.

त्या वयस्क मच्छीमाराला मला आता एवढेच सांगावयाचे आहे: आपला प्रश्न बरोबर होता, दादा, आणि आम्ही गप्प बसलो ते चुकले. कार्ड तुमचे तपासले जाते, कारण तुमचे तपासणे सोपे आहे. ज्यांचे तपासायचे, त्यांच्यातील काही समुद्रातून येतात, पण पुष्कळसे मंत्रालयाच्या जिन्यावरून उतरतात. त्यांची कार्डे मागण्याचे काम आपण दोघांनी मिळूनच करावयाचे आहे.